आचार्य ख्रिस्तिआन डॉपलर

कोल्हापुरांतील कोणत्याहि मोठ्या रुग्णालयांत अपघाताचा रोगी आला म्हणजे डॉपलर हा शब्द कानीं पडण्याचा संभव असतो. गुऱ्हाळाच्या चरकांत हात सांपडलेला मजूर असो, पुणें-बंगळूर रस्त्यावर मोटार-सायकलीवरून पडून पाय मोडलेला तरुण असो, किंवा तालमींत गुडघा निखळलेला पैलवान असो; हाड जुळविण्यापूर्वीं शस्त्रवैद्याच्या मनांत एक प्रश्न उभा राहतो. जखमेच्या पलीकडे रक्त पोहोंचत आहे कीं नाहीं? बोटांस नाडी लागेना, किंवा लागली तरी संशय फिटेना, म्हणजे डॉपलर करण्यास सांगण्यांत येतें. बरोबर आलेल्या आप्तांस हें यंत्राचें किंवा तें बनविणाऱ्या कारखान्याचें नांव वाटतें. वस्तुतः तें एका मनुष्याचें नांव आहे. हा मनुष्य वैद्य नव्हता. वैद्यांशीं त्याचा संबंध आला तो केवळ रोगी म्हणून. तो गणिताचा शिक्षक होता, आणि ज्या विचारामुळें त्याचें नांव आज रुग्णालयांत घेतलें जातें, तो विचार त्यानें आकाशांतील ताऱ्यांकरितां केला होता.

ख्रिस्तिआन आन्द्रेआस डॉपलर यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं साल्झबुर्ग या शहरीं झाला. आल्प्स पर्वताच्या कुशींत वसलेलें हें नगर आज ऑस्ट्रिया देशांत मोडतें. प्रसिद्ध संगीतकार मोझार्ट यांच्या कुटुंबाचें घर ज्या चौकांत होतें, त्याच चौकांत डॉपलर यांचेंहि घर होतें. घराण्याचा धंदा पाथरवटाचा. सतराव्या शतकापासून या घरांतील पुरुष पिढ्यान् पिढ्या दगड घडवीत आले होते, आणि त्या धंद्यांत त्यांनीं चांगलें नांव व पैसा मिळविला होता. मुलानें वयांत आल्यावर छिन्नी व हातोडा हातीं घ्यावयाचा हें जणूं ठरलेलेंच. परंतु ख्रिस्तिआन प्रकृतीनें इतका नाजूक निघाला कीं, त्याला दगडाच्या कामास लावण्याचा विचार घरच्यांस सोडून द्यावा लागला. मग या मुलाचें करावें काय? वडिलांनीं गांवांतील गणिताचे अध्यापक सिमोन श्टाम्फर यांचा सल्ला घेतला. श्टाम्फर यांनीं मुलाची बुद्धि पारखली आणि त्याला व्हिएन्ना येथील पॉलिटेक्निक संस्थेंत पाठवावें, असें सुचविलें. अशक्त मुलाला घरीं बसवून न ठेवतां त्याच्या अंगचा गुण कोणता हें जाणत्या माणसास विचारणारा हा पाथरवट बाप मोठा शहाणा म्हटला पाहिजे.

१८२२ सालीं ख्रिस्तिआन व्हिएन्नास गेला. तीन वर्षें तेथें शिकून तो परत आला, राहिलेलें शालेय शिक्षण त्यानें पुरें केलें, आणि १८२९ सालीं त्याच पॉलिटेक्निकमध्यें गणिताच्या आचार्यांचा साहाय्यक म्हणून त्याची नेमणूक झाली. ही नेमणूक चार वर्षांपुरतीच होती. १८३३ अखेर ती संपली, आणि तीस वर्षांचे डॉपलर बेकार झाले.

पुढचीं दीड-दोन वर्षें मोठ्या हालांत गेलीं. त्या काळीं ऑस्ट्रियांत अध्यापकाची जागा मिळविण्यास स्पर्धा-परीक्षा द्याव्या लागत, आणि निकाल लागण्यास महिनेच्या महिने जात. डॉपलर अर्जांमागून अर्ज करीत राहिले. पोटासाठीं त्यांनीं एका सूतगिरणींत हिशेबनीस म्हणून काम पत्करलें. शेवटीं स्वदेशांत आपल्याला अन्न नाहीं असें मनाशीं ठरवून ते अमेरिकेस जाण्याच्या तयारीला लागले. चीजवस्तु विकून टाकली, आणि म्युनिक येथें जाऊन अमेरिकेच्या वकिलातींत चौकशीहि केली. इतक्यांत प्राग शहरांतील एका माध्यमिक शाळेंतून त्यांना बोलावणें आलें. हें साल १८३५. विषय अंकगणित, बीजगणिताचीं मूलतत्त्वें व व्यापारी हिशेब. आचार्यपदाची आस धरलेल्या विद्वानाला ही जागा लहानच. परंतु डॉपलर यांनीं ती घेतली. पुढल्या वर्षीं साल्झबुर्गच्या एका सोनाराची कन्या माटिल्डे हिच्याशीं त्यांचा विवाह झाला. त्यांना पुढें पांच अपत्यें झालीं.

प्राग येथें डॉपलर बारा वर्षें राहिले. शाळेंतील काम सांभाळून ते तेथील पॉलिटेक्निकमध्यें शिकवूं लागले, आणि १८४१ सालीं त्यांना तेथें आचार्यपद मिळालें. आचार्यपद म्हणजे आराम, अशी कोणाची समजूत असेल तर ती येथें लागू नाहीं. वर्गांत शेकडों विद्यार्थी असत, त्या सर्वांच्या लेखी व तोंडी परीक्षा एकट्या आचार्यांनाच घ्याव्या लागत, आणि परीक्षेचा हंगाम कित्येक आठवडे लांबे. घसा कोरडा पडेपर्यंत प्रश्न विचारावे आणि घरीं येऊन उत्तरपत्रिका तपासाव्या, असा क्रम. मुळांतच कमजोर असलेल्या त्यांच्या छातीनें याच वर्षांत त्यांना दगा दिला. १८४४ सालीं तर परीक्षेंत फार कडकपणा करतात म्हणून विद्यार्थ्यांनीं त्यांच्याविरुद्ध तक्रार केली आणि वरिष्ठांकडून त्यांना कानपिचक्या मिळाल्या. त्यानंतर दीर्घ रजा घेऊन त्यांना अंथरूण धरावें लागलें.

अशा या धकाधकींतच तो प्रसिद्ध निबंध लिहिला गेला. २५ मे १८४२ रोजीं बोहेमियाच्या राजकीय विज्ञान-सोसायटीच्या बैठकींत डॉपलर यांनीं तो वाचला. जुळ्या ताऱ्यांच्या व आकाशांतील इतर कित्येक ताऱ्यांच्या रंगीत प्रकाशाविषयींचा हा निबंध होता. श्रोते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. त्यांत बेर्नार्ड बोल्झानो हे थोर गणिती होते, आणि या विचाराचें महत्त्व त्यांनीं तत्काळ ओळखलें, ही एक समाधानाची गोष्ट.

तो विचार समजण्यास तारे पाहावयास नकोत. आपला रंकाळा पुरे. वारा सुटला असतां तळ्याच्या पाण्यावर लाटा एकामागून एक कांठाकडे येत असतात. नाव एके जागीं उभी असेल तर मिनिटास समजा वीस लाटा तिच्यावर आदळतात. आतां नाव लाटांच्या समोर हांकली तर त्याच मिनिटांत वीसपेक्षां अधिक लाटा तिला भेटतील. आणि लाटा ज्या दिशेनें जात आहेत त्याच दिशेनें नाव चालविली तर वीसपेक्षां कमी भेटतील. वास्तविक वारा तोच, पाणी तेंच, लाटाहि त्याच. बदलली ती मोजणाऱ्याची गति. उलट, लाटा उठविणारी वस्तूच आपल्याकडे सरकत आली तरी परिणाम याच जातीचा होतो. ध्वनि हा हवेंतील कंपनांच्या रूपानें पसरतो. कंपनें अधिक वेगानें कानावर आलीं कीं सूर उंच भासतो, संथपणें आलीं कीं खालचा. तेव्हां वाजणारी वस्तु जवळ येत असेल तर तिचा सूर खऱ्याहून उंच ऐकूं यावा, आणि दूर जात असेल तर खऱ्याहून उतरलेला यावा. मिरजेहून कोल्हापूरकडे येणारी गाडी शिटी वाजवीत ताशीं ६० किलोमीटर वेगानें रुकडी स्टेशनावरून न थांबतां गेली, तर समोर येतांना व पाठमोरी होतांना तिच्या शिटींत जवळजवळ एका पूर्ण स्वराचें अंतर पडतें. संगीत शिकणाऱ्या मुलांनीं हें स्टेशनाच्या फलाटावर, रुळापासून दूर उभें राहून, अवश्य ऐकावें. गाडी चालविणाऱ्याला मात्र शिटी एकाच सुरांत ऐकूं येते.

डॉपलर यांनीं हें सर्व थोड्याशा साध्या समीकरणांत मांडलें. प्रयोग त्यांनीं केला नव्हता. तो केला हॉलंडमधील बॉइस बालट या तरुण शास्त्रज्ञानें, आणि तोहि डॉपलर यांचें म्हणणें खोटें पाडतां येतें कीं काय हें पाहण्याकरितां. १८४५ सालच्या जून महिन्यांत युट्रेख्ट व मार्सन या गांवांमधील लोहमार्गावर त्यानें एक इंजिन धांवतें ठेविलें. त्याला जोडलेल्या उघड्या वाघिणीवर कर्णे वाजविणारे वादक बसविले, आणि रुळांच्या कडेला ज्यांचे कान सुरांत तयार आहेत असे दुसरे वादक उभे केले. वाघिणीवरचे वादक एकच सूर धरून ठेवीत, आणि खालचे वादक तो किती चढला किंवा उतरला हें सांगत. सूर चढला व उतरला, आणि तो गणिताप्रमाणेंच. खोटें पाडावयास निघालेल्या माणसानें तें खरें ठरविलें, व तसें प्रसिद्धहि केलें.

परंतु ज्या ताऱ्यांसाठीं डॉपलर यांनीं हा खटाटोप केला, त्यांच्याविषयीं त्यांचें अनुमान चुकलें होतें, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. तारे मुळांत पांढरे असून, आपल्याकडे येणारे निळसर व दूर जाणारे तांबूस दिसतात, असें त्यांना वाटलें. प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारें ३ लक्ष किलोमीटर आहे. ताऱ्याचा रंग डोळ्यांना बदललेला दिसावा एवढा फरक पडण्यास ताऱ्यानें या वेगाच्या मोठ्या अंशानें धांवावयास हवें. आपल्या सभोंवारचे तारे सेकंदास कांहीं दशक किलोमीटर एवढ्याच गतीनें फिरतात, म्हणजे फरक पडतो तो दहा हजारांत एका भागाच्या आसपास. ताऱ्यांचे तांबडे-निळे रंग त्यांच्या उष्णतेमुळें दिसतात, गतीमुळें नव्हे. उदाहरण चुकलें, तत्त्व मात्र खरें ठरलें. १८४८ सालीं फ्रान्समधील फिझो यांनीं दाखवून दिलें कीं, रंगाकडे न पाहतां ताऱ्याच्या वर्णपटांतील काळ्या रेषा किती सरकल्या तें पाहावें. आणि १८६८ सालीं इंग्रज ज्योतिषी हगिन्स यांनीं त्याच रीतीनें व्याधाच्या ताऱ्याची गति मोजण्याचा पहिला प्रयत्न केला. तोंपर्यंत डॉपलर यांस जाऊन पंधरा वर्षें लोटलीं होतीं.

त्यांच्या आयुष्याचा उरलेला भाग थोडक्यांत सांगतां येईल. १८४७ सालीं त्यांनीं प्राग सोडलें व शेम्निट्झ येथील खाणविद्येच्या पाठशाळेंत ते गेले. हें गांव आतां स्लोव्हाकिया देशांत आहे. दुसऱ्याच वर्षीं तिकडे राज्यक्रांतीचा वणवा पेटला. १८४९ सालीं ते व्हिएन्नास परतले, आणि ज्या श्टाम्फर यांनीं लहानपणीं त्यांची बुद्धि पारखली होती, त्यांच्याच रिकाम्या झालेल्या जागेवर पॉलिटेक्निकमध्यें बसले. १८५० च्या जानेवारींत बादशहा फ्रान्झ योझेफ यांनीं त्यांना व्हिएन्ना विश्वविद्यालयांतील नव्या पदार्थविज्ञान-मंदिराचे पहिले संचालक नेमलें. सूतगिरणीच्या हिशेबनिसास हें पद मिळण्यास पंधरा वर्षें लागलीं. त्यांच्या हाताखालीं शिकलेल्या विद्यार्थ्यांत ब्र्युन येथील मठाचा एक तरुण साधु होता. वाटाण्याच्या झाडांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम शोधून काढणारे ग्रेगोर मेंडेल ते हेच.

हें सुख फार दिवस टिकलें नाहीं. १८५२ सालीं व्हिएन्नाच्या विज्ञान-अकादमींत योझेफ पेट्झवाल या नामांकित गणित्यानें डॉपलर यांच्या तत्त्वावर कडक हल्ला चढविला. पेट्झवाल कांहीं सामान्य पुरुष नव्हते. छायाचित्रणाच्या यंत्राचें पहिलें उत्तम भिंग त्यांनींच आंखलें होतें. त्यांचा आक्षेप असा कीं, निसर्गाचे मोठे नियम असल्या दोन-चार ओळींच्या सोप्या समीकरणांतून निघत नसतात. त्यांना उच्च गणितच पाहिजे. शिवाय वारा वाहूं लागल्यानें वाद्याचा सूर बदलत नाहीं, हें त्यांनीं पुढें केलें. तें खरेंच आहे. परंतु माध्यमाचें वाहणें वेगळें आणि वाजणाऱ्या वस्तूचें सरकणें वेगळें, हा भेद त्यांच्या ध्यानांत आला नाहीं. डॉपलर यांनीं उत्तर दिलें, तरी अकादमीचा कल पेट्झवाल यांच्या बाजूला राहिला. पुढें १८६० सालीं एर्न्स्ट माख यांनीं प्रयोगानें हा वाद डॉपलर यांच्या बाजूनें निकालांत काढला. तें पाहण्यास डॉपलर नव्हते. क्षयानें त्यांची छाती पोखरली होती. उबदार हवेनें बरें वाटेल या आशेनें १८५२ च्या नोव्हेंबरांत ते व्हेनिस येथें गेले, आणि १७ मार्च १८५३ रोजीं, वयाच्या पन्नाशीच्या आंतच, तेथें त्यांचें देहावसान झालें. सान मिकेले या बेटावरील दफनभूमींत त्यांना मूठमाती देण्यांत आली.

आतां ताऱ्यांवरून रक्तापर्यंत हा विचार कसा आला तें पाहूं. मनुष्याच्या कानाला सेकंदास सुमारें २० हजारांपर्यंतचींच कंपनें ऐकूं येतात. त्यापलीकडच्या ध्वनीला श्रवणातीत ध्वनि म्हणतात. रुग्णालयांतील अल्ट्रासाउंड अथवा सोनोग्राफी ती हीच. कांहीं स्फटिकांना विजेचा झटका दिला कीं ते थरथरतात, आणि त्यांवर दाब पडला कीं वीज उत्पन्न करतात, हें पियेर व झाक क्युरी या बंधूंनीं १८८०-८१ सालीं दाखविलें होतें. पहिल्या महायुद्धांत फ्रान्सच्या लांजव्हँ यांनीं असल्याच स्फटिकानें समुद्रांत श्रवणातीत ध्वनि सोडून पाणबुड्यांचा माग काढण्याचा उपाय शोधला. तोच ध्वनि मनुष्याच्या शरीरांत सोडून, हालत्या अवयवांवरून परतणाऱ्या पडसादाचा सूर किती बदलतो हें पाहण्याचें काम १९५५ च्या सुमारास जपानमधील ओसाका येथें शिगेओ सातोमुरा यांनीं हातीं घेतलें. प्रथम हृदय, नंतर रक्तवाहिन्या. पुढल्या दशकांत अमेरिकेंतील सिॲटल येथें स्ट्रँडनेस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हातापायांच्या धमन्यांचे विकार ओळखण्यासाठीं हें साधन रोग्याच्या खाटेपाशीं आणलें.

याचें गणित मोठें गमतीचें आहे. लेखणीएवढ्या दांडीच्या टोंकाशीं स्फटिक बसविलेला असतो. तो सेकंदास समजा ५० लक्ष कंपनें सोडतो. हीं कोणालाच ऐकूं येत नाहींत. शरीराच्या मांसांतून ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें १,५४० मीटर. धमनींतील रक्त सेकंदास अर्धा मीटर या वेगानें धांवत असेल, आणि दांडी प्रवाहाशीं साठ अंशांचा कोन करून धरली असेल, तर तांबड्या रक्तपेशींवरून परतलेल्या ध्वनींत सुमारें १,६०० कंपनांचा फरक पडतो. यंत्र पाठविलेल्या व परतलेल्या ध्वनींची वजाबाकी करतें, आणि उरलेलीं १,६०० कंपनें कर्ण्यांतून बाहेर टाकतें. तीं मात्र आपल्या कानाला स्पष्ट ऐकूं येतात. रक्त धांवत नसेल तर वजाबाकी शून्य, आणि कर्णा मुका. दांडी प्रवाहाच्या अगदीं काटकोनांत धरली तरीहि तसेंच होतें. म्हणून परीक्षा करणारा ती तिरपी धरतो आणि हळूहळू फिरवून पाहतो.

हातापायांच्या जखमेंत या आवाजाची एवढी मातब्बरी कां, हें युद्धांच्या इतिहासावरून समजतें. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैनिकांच्या धमन्यांस झालेल्या २,४७१ जखमांची नोंद डबेकी व सिमिओनी या शस्त्रवैद्यांनीं १९४६ सालीं प्रसिद्ध केली. त्यांत धमनी बांधून टाकण्याचाच उपाय बहुतेक ठिकाणीं केलेला होता, आणि अशा रोग्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांचे हात किंवा पाय कापावे लागले. गुडघ्यामागून जाणारी धमनी तुटली असेल तर शंभरांत सत्तरांहून अधिकांचा पाय गेला. फाटलेली धमनी शिवण्याची कला आलेक्सी कॅरेल यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभींच सिद्ध केली होती व त्यांना १९१२ सालीं नोबेल पारितोषिकहि मिळालें होतें. परंतु रणांगणावरून शस्त्रवैद्यापर्यंत पोहोंचतां पोहोंचतां वेळ निघून जाई. १९५० ते १९५३ च्या कोरियांतील युद्धांत जखमी लवकर आणूं लागले, धमन्या शिवूं लागले, आणि हात-पाय गमावण्याचें प्रमाण शंभरांत तेरांवर आलें. रक्तावांचून स्नायु सुमारें सहा तास तग धरतात. त्यापुढें प्रत्येक तासाला पाय वांचण्याची आशा कमी होते. तेव्हां धमनीला इजा आहे हें पहिल्या कांहीं तासांत कळलें पाहिजे.

कित्येकदां तें डोळ्यांना दिसतेंच. रक्ताची चिळकांडी उडत असेल, सूज पाहतां पाहतां वाढत असेल, पाऊल थंडगार व पांढुरकें पडून नाडी मुळींच लागत नसेल, तर यंत्रासाठीं थांबावयाचें नसतें. रोग्याला सरळ शस्त्रक्रियेच्या टेबलावर घ्यावयाचें असतें. कठीण पडतो तो मधला वर्ग. कुस्तींत किंवा अपघातांत गुडघा निखळतो आणि तेथल्या तेथें आपोआप बसतोहि. वस्ताद पट्टा बांधून देतो, पोरगा लंगडत घरीं जातो, आणि गुडघ्यामागची धमनी आंतून ताणली जाऊन तिचें अस्तर फाटलेलें असतें. तेथें रक्ताची गुठळी धरूं लागते. पाय कांहीं वेळ ठीक दिसतो. अशा गुडघ्याला रुग्णालयांत न दाखविणें हा मोठा धोका आहे, हें आपल्या पैलवानांच्या जिल्ह्यांत घरोघर माहीत असावयास हवें.

परीक्षा अशी होते. घोट्याजवळ थोडा ओला लेप लावून दांडी टेकवितात व आवाज ऐकतात. निरोगी पायाच्या धमनींत प्रत्येक ठोक्याला रक्त जोरानें पुढें जातें, क्षणभर किंचित् मागें येतें, आणि पुन्हां पुढें सरकतें. त्यामुळें आवाजाचे तीन भाग कानाला कळतात. वर कोठें अडथळा असेल तर हे भाग नाहींसे होऊन एकच मंद, लांबट घुमघुम उरते. मग रक्तदाब मोजण्याचा पट्टा जखमी पायाच्या घोट्यावर फुगवून आवाज कोणत्या दाबाला बंद पडतो व पुन्हां सुरू होतो तें पाहतात, आणि तसाच दाब धड असलेल्या दंडाचा घेतात. पायाच्या आंकड्याला दंडाच्या आंकड्यानें भागतात. दंडाचा दाब १२० व घोट्याचा ९० आला तर भागाकार ०.७५. हा ०.९ च्या खालीं असला कीं धमनीविषयीं पुढील तपास केल्यावांचून रोग्याला घरीं सोडीत नाहींत. शाळेंतील भागाकारापलीकडे यांत गणित नाहीं.

मोठ्या यंत्रांत याच्या जोडीला धमनीचें चित्रहि दिसतें, आणि वाहतें रक्त त्यांत रंगवून दाखवितात. बहुधा यंत्राकडे येणारें रक्त तांबडें व दूर जाणारें निळें, असा संकेत आहे. डॉपलर यांच्या ताऱ्यांचा नेमका उलट! हे रंग यंत्रानें दिलेले असतात, आणि एक कळ दाबली कीं त्यांची अदलाबदल होते. अस्तर कोठें फाटलें आहे, गुठळी कोठें धरली आहे, धमनी व शीर यांच्यामध्यें भलतीच वाट पडली आहे काय, हें अनुभवी डोळ्यांना त्यांत दिसतें. सुई टोंचावी लागत नाहीं, औषध शिरेंत सोडावें लागत नाहीं, क्ष-किरण लागत नाहींत, आणि यंत्र रोग्याच्या खाटेपाशीं नेतां येतें.

तथापि यानें सर्व कळतें असें मानणें चुकीचें आहे. मोठी उघडी जखम, प्लास्टर, साकळलेलें रक्त, मोडलेल्या हाडाचे तुकडे यांच्या आडून नीट दिसत नाहीं. परीक्षा करणाऱ्याचा हात किती तयार आहे यावरहि पुष्कळ अवलंबून असतें. शंका उरली तर शिरेंत औषध सोडून सीटी यंत्रानें धमन्यांचें चित्र घेतात, आणि मोठ्या रुग्णालयांत आतां त्याचाच आधार अधिक घेतला जातो. आणखी एक फसवी अवस्था आहे. नडगी मोडून पोटरी आंतल्या आंत इतकी फुगते कीं स्नायूंतील सूक्ष्म वाहिन्या दबून जातात. अशा वेळीं मोठी धमनी वाहत असते, डॉपलरचा आवाजहि येतो, आणि तरी स्नायु मरत असतात. रोग्याच्या वेदना मोडलेल्या हाडाच्या मानानें फारच अधिक असतील, बोटें जरा हालवितांच तो कळवळत असेल, तर अनुभवी शस्त्रवैद्य यंत्रापेक्षां त्या वेदनेवर अधिक विश्वास ठेवितो.

धमनी शिवून झाल्यावरहि काम संपत नाहीं. शिवलेल्या जागीं पुन्हां गुठळी धरण्याचें भय पहिल्या दिवसांत फार असतें. म्हणून जेथें आवाज स्पष्ट सांपडला तेथें कातडीवर शाईनें लहानशी फुली करून ठेवतात. रात्रपाळीची परिचारिका दर तासाला त्याच फुलीवर दांडी टेकविते, आवाज ऐकते, आणि रोग्याच्या तक्त्यावर वेळ लिहून पुढच्या खाटेकडे जाते.